मुलाला शाळेत घाला. त्याचा विवेक गहाण टाकू नका



शाळाप्रवेशाचे दिवस आले की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "मिशनच्या शाळेत जागा मिळेल काय?" कालपरवा धम्मदीक्षा घेतलेली कुटुंबेही यास अपवाद नाहीत. त्यांच्यावर आपल्यातलेच काही जण तुटून पडतात. एक देव सोडलात आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिलात, म्हणतात. ही टीका अन्यायाची आहे. शाळा निवडणे हा पालकाचा हक्क होय. परंतु ज्याने वाडवडिलांचा धर्म विचारपूर्वक सोडला, त्याने मुलाची शाळा मात्र अविचाराने धरावी, हेही मला मान्य नाही. म्हणून तुम्ही जी कारणे सांगता, ती एकेक करून तपासू या.

पहिले कारण इंग्रजीचे. ते खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीत चालते, आणि ज्याला ती भाषा येत नाही त्याला स्वतःच्याच खटल्याची कैफियत दुसऱ्याकडून समजावून घ्यावी लागते. इंग्रजी मिळवाच. मात्र इंग्रजी माध्यमाची प्रत्येक शाळा मिशनची नसते आणि मिशनची प्रत्येक शाळा इंग्रजी माध्यमाची नसते, एवढे ध्यानात ठेवा.

दुसरे कारण असे की, "तेथे जात विचारीत नाहीत." यामागे इतिहास आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. ज्या काळी सरकारी शाळेचीही ही गत, त्या काळी अनेक ठिकाणी मिशनऱ्यांनी आपल्या पूर्वजांच्या हाती पाटी दिली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. स्वतः जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. विद्या शाळेची घ्यावी आणि विवेक स्वतःचा राखावा, याचा याहून चांगला दाखला कोणता? पण दुसरी बाजूही पाहा. मिशनऱ्यांच्या शाळा-महाविद्यालयांचा मोठा लाभ उच्चवर्णीयांच्या पदरात पडला आणि ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात चर्चमध्येही सुटली नाही, हे बाबासाहेबांनी परखडपणे लिहून ठेवले आहे. तेव्हा जात विचारीत नाहीत, हे ऐकून भुलू नका, पाहून ठरवा.

तिसरे कारण शिस्तीचे व प्रतिष्ठेचे. मुलगा गळ्यात टाय बांधून रांगेत उभा राहतो, म्हणून तो घडला असे होते काय? तो घरी येऊन प्रश्न विचारतो की नाही, ते पाहा. राजा मिलिंदाने भिक्षू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारले. बाबासाहेबांनी औरंगाबादेस १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे त्याच मिलिंदाचे नाव लाभले. जी शाळा प्रश्न दाबते ती मिशनची असो वा संस्थानिकाची, आपल्या कामाची नव्हे.

चौथे कारण कोणी उघड बोलत नाही, पण तेच सर्वांत घातक आहे. आपण कोण आहोत हे तेथे झाकले जाईल, ही आशा! म्हणून अर्जावरील धर्माचा रकाना कोणी कोरा ठेवतो, कोणी जुन्या सवयीने "हिंदू" लिहितो. जागा मिळावी म्हणून कोणाच्या मनात "ख्रिस्ती" लिहिण्याचा मोह आला, तर त्याने वेळीच सावध व्हावे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे बौद्धांना त्या सवलती केंद्रात मिळाल्या. ख्रिस्ती धर्मीयांना तो आदेश लागू नाही. शाळेच्या दाखल्यावरील नोंद पुढे जातपडताळणीच्या वेळी पुरावा म्हणून वाचली जाते. आज बापाच्या लाजेने लिहिलेला एक शब्द वीस वर्षांनी मुलाची वाट अडवील. आणि कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी ज्या धर्माने तुम्हांला ताठ मानेने उभे केले, त्याचे नाव लिहिताना हात का कापावा?

आता प्रार्थनेविषयी. संविधानाचे २८ वे कलम काढून वाचा. शासनाने मान्यता दिलेल्या किंवा शासनाचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शाळेत विद्यार्थ्यावर धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत त्याच्या पालकाची संमती लागते. संमती! म्हणजे हा हक्क तुमच्या सहीत आहे आणि तुमच्याच सहीने तो जातो. छापील अर्जाच्या पाठीमागील बारीक अक्षरे न वाचता सही ठोकणारा पालक मुलाचा विवेक स्वतःच लिहून देतो. १९८६ साली केरळातील तीन मुलांना आपल्या श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाता नुसते आदराने उभे राहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. ती मुले ख्रिस्ती पंथाची होती. परंतु विवेकाचे जे स्वातंत्र्य त्यांनी मिळविले, ते तुमच्या मुलांचेही आहे. हाच नियम सरस्वतीपूजन करविणाऱ्या शाळेलाही लावा. एकीकडे डोळे वटारावयाचे आणि दुसरीकडे मिटावयाचे, हा धम्म नव्हे.

आणखी एक सत्य कटू आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या. परंतु अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. त्या निर्णयाविषयी २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी शंका व्यक्त केली, हे खरे. पण शंका म्हणजे जागा नव्हे. मजुरी करणाऱ्या आईचे मूल तेथे हक्काने जाऊ शकत नाही. ज्यांना फी परवडते त्यांनी आपले मूल आत घालून पाठ फिरवावी, आणि नगरपालिकेची शाळा ओस पडू द्यावी, हाच का आपला बंधुभाव?

म्हणून सांगतो, मिशनच्या शाळेत जावयाचे तर खुशाल जा. पण बौद्ध म्हणून जा. धर्माच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत "बौद्ध" लिहा. उपासनेस संमती नसल्याचे दोन ओळींचे पत्र मुख्याध्यापकांस द्या, त्याची पोच घ्या आणि ती जपून ठेवा. सायंकाळी मुलाला जवळ बसवून विचारा : आज काय शिकलास, आणि ते तुला पटले काय? आणि ज्यांना ते दार बंद आहे, त्यांच्या मुलांसाठी आपल्या वॉर्डातील सरकारी शाळेच्या दाराशी उद्याच उभे राहा.

जय भीम!