विश्लेषण : फोन ‘अनलॉक’ आहे, मग दुसऱ्या कंपनीचे सिम का चालत नाही?

जुलै २०२४ मध्ये खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले आणि जिओचा २८ दिवसांचा २३९ रुपयांचा रिचार्ज २९९ रुपयांवर गेला. पुढचे काही महिने बीएसएनएलकडे ग्राहकांची रीघ लागली. नोव्हेंबरपासून ती ओसरलीही. त्यानंतर २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले. मनोरे सुमारे ९७,५००. स्वस्त रिचार्जला आता ४जीचीही जोड मिळाल्याने जळगाव, धुळे जिल्ह्यांत कंपनी बदलण्याचा विचार पुन्हा सुरू होणे साहजिक आहे. अशा वेळी दुकानदाराचे ठरलेले उत्तर असते, ‘फोन अनलॉक आहे, कुठलंही सिम टाका.’ हे उत्तर खोटे नसते. पण ते अर्धेच असते.

‘लॉक’ म्हणजे काय, आणि तो आपल्याकडे किती?

एखादी कंपनी फोन स्वस्तात किंवा हप्त्यावर देते आणि तो फक्त आपल्याच सिमवर चालेल अशी सोय करून ठेवते, तो ‘लॉक’ फोन. भारतात ही पद्धत कधी फारशी रुजली नाही. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत हाती दिलेले सीडीएमए फोन त्या कंपनीलाच बांधलेले होते. २०१७ चा जिओफोन आणि २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आलेला जिओभारत हेही जिओपुरतेच. बाकी दुकानातून रोखीने घेतलेला स्मार्टफोन सहसा मोकळाच असतो.

अडकतात ते परदेशातून आलेले फोन. अमेरिकेतल्या भावाने किंवा पुतण्याने पाठवलेला फोन तिथल्या कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला असेल, तर हप्ते फिटेपर्यंत तो इथले सिम घेत नाही. आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘अबाउट’ या क्रमाने गेल्यावर ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे दिसले तर फोन मोकळा. शिवाय आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा कप्पाच नाही. तिथे ई-सिमच घ्यावे लागते. जुन्या बाजारात आणखी एक कुलूप भेटते, ते फायनान्सचे. आधीच्या मालकाने हप्ते थकवले की फोनच बंद पाडणारे ॲप त्यात बसवलेले असते. त्याचा सिमच्या कंपनीशी संबंध नसतो, पण पैसे मात्र घेणाऱ्याचे जातात.

कुलूप नाही, तरी नेटवर्क का येत नाही?

कारण प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या लहरींवर सेवा देते. लहरींच्या या पट्ट्यांना ‘बँड’ म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. जिओचे ४जी ८५० (बँड ५), १८०० (बँड ३) आणि २३०० मेगाहर्ट्झ (बँड ४०) यांवर चालते. एअरटेल आणि व्हीचा भर १८०० व २१०० (बँड १) यांवर आहे. त्याखेरीज एअरटेल २३००, तर व्ही २५०० मेगाहर्ट्झ (बँड ४१) वापरते. बीएसएनएलच्या नव्या ४जीचा मुख्य आधार ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे बँड २८, आणि सोबत २१००.

खरी मेख या बँड २८ मध्ये आहे. जिओ सुरू झाल्यानंतर २०१६ ते २०१८ या काळात विकले गेलेले अनेक स्वस्त ४जी फोन ३, ५ आणि ४० हे बँड डोळ्यासमोर ठेवून बनवलेले होते. तेव्हा देशात ७०० मेगाहर्ट्झवर कोणाचीच सेवा नव्हती, मग तो बँड द्यायचा कशाला, असा कंपन्यांचा हिशेब. अशा फोनमध्ये बीएसएनएलचे सिम ‘चालते’, कांड्या दिसतात, फोनही लागतो. पण ४जीचे चिन्ह काही उमटत नाही. ग्राहक मनोऱ्याला दोष देतो. दोष त्याच्या खिशात असतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी प्रश्न मोठा का?

कमी मेगाहर्ट्झची लहर लांबवर जाते, झाडी आणि भिंती तुलनेने चांगल्या पार करते. जास्त मेगाहर्ट्झची लहर डेटा भरपूर वाहते, पण तिचा पल्ला कमी. शहरात मनोरे जवळजवळ असल्याने पल्ल्याची उणीव जाणवत नाही. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यांच्या उत्तरेकडील पाडे, साक्रीच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग, इथे मनोरे विरळ आणि मध्ये टेकडी. तिथे फोन तगतो तो ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झवर. म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानदाराने सिम टाकून दाखवलेला फोन पालच्या पुढे गेल्यावर मुका होऊ शकतो. दुकानातली चाचणी दुकानापुरतीच खरी.

ज्या गावांत कोणाचेच ४जी नव्हते तिथे ते पोहोचवण्यासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले आणि काम बीएसएनएलकडे दिले. म्हणजे दुर्गम गावात मनोरा आलाच तर तो बहुधा बीएसएनएलचा असणार. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांच्याच हाती बँड २८ नसलेले जुने, स्वस्त फोन असण्याची शक्यता अधिक. योजनेच्या घोषणांत ही बाजू फारशी येत नाही.

इंटरनेट चालते, कॉल लागत नाही, असे कसे?

४जीवर आवाज पोहोचवण्याच्या तंत्राला व्होल्टी म्हणतात. जिओकडे २जी, ३जी नाहीच, त्यामुळे फोनमध्ये व्होल्टी नसेल तर साधा कॉल होत नाही. इतर कंपन्यांकडे फोन २जीवर उतरून बोलणे निभावून नेतो. गंमत अशी की फोनमध्ये व्होल्टी असूनही एखाद्या कंपनीसाठी ते सुरू नसू शकते. त्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची नोंद लागते. परदेशी बाजारासाठी बनलेल्या अँड्रॉइड फोनांत हा घोळ जास्त.

५जीचे दुखणे थोडे वेगळे. जिओचे ५जी स्वतंत्र जाळ्यावर उभे आहे, एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीपासून केली. सुरुवातीच्या काही फोनांना यातला एकच प्रकार जमतो.

पोर्ट करण्याआधी काय पाहावे?

फोनच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या बँडसह विकला जातो. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अबाउट फोन’ येथे मॉडेल क्रमांक मिळतो. तो घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर बँडची यादी पाहावी आणि बीएसएनएलसाठी तीत २८ आहे का ते तपासावे. ट्रायच्या आदेशानुसार मोबाइल कंपन्या आपल्या व्याप्तीचे नकाशेही संकेतस्थळांवर देतात. पण नकाशापेक्षा शेजाऱ्याचे सिम भरवशाचे. ते दिवसभर आपल्या फोनमध्ये घालून घरात, शेतात, रस्त्यावर वापरून पाहावे. कॉल येतो का, जातो का, आणि बोलताना ४जीचे चिन्ह टिकते का.

ही खटपट करायची ती नव्वद दिवसांच्या अटीमुळे. एकदा पोर्ट केल्यावर नव्या कंपनीत ९० दिवस काढल्याशिवाय पुन्हा पोर्ट करता येत नाही. पीक विम्याचा संदेश, बँकेचा ओटीपी, मुलांच्या परीक्षेचे अर्ज हे सारे त्याच क्रमांकावर असेल, तर तीन महिने फार होतात.

जुना फोन विकत घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. चोरीचा म्हणून नोंद झालेला फोन केंद्रीय यादीतून देशातल्या सर्व कंपन्यांसाठी बंद केला जातो. तो अनलॉक असला काय, नसला काय.

पोर्टसाठी ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत आणि पुढे आपला मोबाइल क्रमांक लिहून १९०० वर पाठवल्यावर येणारा कोड चार दिवस चालतो. त्याच परिमंडळात हे काम तीन कामकाजाच्या दिवसांत होते. मात्र सुरतेत कामाला असताना घेतलेला गुजरातचा क्रमांक गावी येऊन महाराष्ट्रात पोर्ट करायचा असेल तर पाच दिवस लागतात. तोवर जुन्या सिममध्ये रिचार्ज शिल्लक असलेला बरा.