कासवाची जखम आणि समुद्राची जखम

दर पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर लाटांबरोबर जखमी समुद्री कासवे वाळूवर येऊन पडतात. कोणाचा वल्ह्यासारखा पाय जाळ्याच्या दोरीने कापलेला असतो, तर कोणाला पाण्यात बुडीच मारता येत नाही. डहाणूच्या पारनाका येथे वन खाते आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही संस्था यांच्या केंद्रात अशा कासवांवर उपचार होतात. क्ष-किरण तपासणी, जखमेची मलमपट्टी, औषधे आणि आहार यांत काही वेळा कित्येक महिने जातात. कासव स्वतः खाऊ लागले व बुडी मारू लागले की त्याला समुद्रात सोडले जाते. हे काम निःसंशय स्तुत्य आहे.

परंतु करुणा ही धोरणाची जागा घेऊ शकत नाही. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात दीर्घकाळ अडकले की ते गुदमरून मरते. समुद्रात टाकून दिलेली नायलॉनची जाळी तर वर्षानुवर्षे जीव अडकवीत राहतात. जाळ्यातून कासवाला बाहेर पडण्यास वाट ठेवणारे साधन कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तयार केले आहे. म्हणजे उपाय ठाऊक आहे. प्रश्न आहे तो खर्च कोणी सोसायचा हा.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवांना सर्वोच्च संरक्षण दिले. प्रत्यक्षात मात्र हे संरक्षण देतो तो मच्छीमार. कासव सोडविण्यासाठी तो आपल्या पोटापाण्याचे जाळे कापतो. संरक्षित जीव सोडविताना फाटलेल्या जाळ्यापोटी जास्तीत जास्त 25,000 रुपये भरपाई देण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर 2018 मध्ये घेतला. तत्त्व योग्य आहे. पण त्या दिवशी बुडालेल्या मासेमारीचे, जळालेल्या डिझेलचे आणि खलाशाच्या वाट्याचे काय?

लोकांचा वाटा मान्य केला की काय घडते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने दाखविले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तेथे कासवांच्या घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले. पुढे कासव महोत्सवामुळे घरोघरी पाहुण्यांपासून उत्पन्न येऊ लागले आणि गावच कासवांचे राखणदार बनले.

डहाणूत मात्र उलटी गंगा वाहते आहे. ज्या तालुक्यात कासवांवर उपचार होतात, त्याच तालुक्यातील वाढवण येथे सुमारे 76,000 कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. त्यासाठी 1,448 हेक्टर समुद्रात भराव घालावयाचा आहे. तेथील बंदराचा पूर्वीचा प्रस्ताव 1998 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारला होता. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या बंदराला संमती दिली. मच्छीमारांचा विरोध आजचा नाही. बरे झालेले कासव आणि किनाऱ्यावरचा कोळी यांना परतण्यासाठी समुद्र एकच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या नेटाने लावून धरल्या पाहिजेत: जाळ्याबरोबर बुडालेल्या रोजगाराचीही भरपाई, ट्रॉलरवर कासव वाचविणाऱ्या साधनाची सक्ती व त्यासाठी लहान मालकांना शासकीय साहाय्य, आणि किनाऱ्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात मच्छीमारांचा निर्णायक आवाज. एरवी एका हाताने मलम लावायचे आणि दुसऱ्या हाताने घाव घालायचा, हाच क्रम चालू राहील.