यादी बदलली म्हणून गोळी थांबवू नका



भाताची झोडणी आटोपली की आपल्या राजूरच्या बाजारात दोन तऱ्हेची माणसे दिसतात. हाती चार पैसे आले म्हणून घ्यायला आलेली, आणि नड पडली म्हणून विकायला आलेली. परवा दुसऱ्या तऱ्हेतले एक बापलेक भेटले. बरोबर डांगी गोऱ्ह्यांची जोडी. अशी जोडी प्रदर्शनात उभी करायची, बाजारात नव्हे. विचारले, "एवढी देखणी जोडी काढता कशाला?" लेक म्हणाला, "म्हाताऱ्याच्या दवाखान्याला. ती योजना बंद झाली म्हनं."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गेल्या वर्षी आजोबांना हृदयविकाराचा झटका आला होता. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात सरकारी योजनेतून स्टेन्ट बसला आणि घरचा पैसा लागला नाही. यंदा पुन्हा छातीत दुखू लागले म्हणून तिथेच नेले, तर उत्तर मिळाले, "आता आमच्याकडे योजना नाही." घरच्यांनी अर्थ काढला, की योजनाच गेली. गोळ्याही त्याच दवाखान्याच्या मेडिकलमधून येत. त्या महाग पडतात म्हणून आजोबा गेला महिनाभर एक दिवसाआड घेत होते.

मंडळी, जोडी विकली तर पुन्हा घेता येईल. पण स्टेन्ट बसलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांना न विचारता कमी केली किंवा सोडली, तर स्टेन्टच्या जागीच रक्ताची गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. दवाखाना यादीतून जाणे वेगळे आणि योजना बंद होणे वेगळे. दवाखाना आणि योजना यांच्यात करार असतो. तो संपतो, कधी दर परवडत नाहीत म्हणून दवाखाना बाहेर पडतो, कधी दोष आढळला म्हणून त्याला काढले जाते. एस.टी.ने एक थांबा वगळला म्हणून गाडी बंद होत नाही, तसेच हे.

ही योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर 2013 मध्ये ती साऱ्या राज्यात आली, तेव्हा आपला जिल्हाही तीत आला. 2017 पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2020 मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची जोड झाली. 1 जुलै 2024 पासून पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेबरोबर पांढरीवाल्यांनाही ती लागू झाली, आणि एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. हे संरक्षण तुमच्या कुटुंबाचे आहे, त्या दवाखान्याचे नव्हे.

दुसरी गोष्ट. आपला दवाखाना यादीतून गेला तर दुसरा शोधावा. त्याला जिल्ह्याची हद्द आड येत नाही. आपल्याला जिल्ह्याचे गाव लांब, पण संगमनेर आणि नाशिक त्या मानाने जवळ. राज्यातल्या यादीवरच्या कोणत्याही दवाखान्यात जाता येते. मात्र गाडी करण्याआधी घरूनच 155388 किंवा 1800-233-2200 या फुकट क्रमांकावर फोन करा. दोन प्रश्न विचारा. "अमुक दवाखाना आज यादीवर आहे का?" आणि "आमच्या आजाराचा उपचार तिथे योजनेत होतो का?" दुसरा प्रश्न विसरू नका. दवाखाना यादीवर असला, तरी तिथे प्रत्येक उपचार असतोच असे नाही. पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा. शिधापत्रिका, आधार आणि असल्यास आयुष्मान कार्ड जवळ ठेवा. जुन्या दवाखान्याचे सुट्टीचे कागद, स्टेन्टचे कार्ड आणि तपासण्या जरूर न्या. कागद नसतील तर नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. उपचार अर्धवट असताना दवाखाना यादीतून गेला, तर पुढची व्यवस्था काय हे आरोग्यमित्राकडून लेखी मागून घ्या.

आणि छातीत कळ आलेलीच असेल, तर यादी शोधत बसू नका. 108 ला फोन करून गाडी बोलवा.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. इथेच बहुतेक घरे चुकतात. योजना आहे ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. सुट्टी झाल्यावर काही दिवसांचे औषध तीत मिळते. वर्षानुवर्षे लागणारी गोळी तीत येत नाही. तिची सोय वेगळी आहे. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपल्या राजूरचे ग्रामीण रुग्णालय आणि गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यातच येतात. रक्तदाब आणि मधुमेह यांच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात. एखादी नसली, तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहायला सांगा, कंपनीचे नको. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. तेच औषध तिथे बाजारातल्या नावाजलेल्या गोळीच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळते. एक पथ्य मात्र पाळा. गोळीचा रंग आणि पाकीट बदलले, की जुने पाकीट डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. नाहीतर जुनी आणि नवी, म्हणजे एकच औषध, दुप्पट पोटात जाते. आणि जुनी गोळी आठ दिवसांची उरली असतानाच नवीच्या तजविजीला लागा.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक सोय आहे. ऑक्टोबर 2024 पासून त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही. घराचे पाच लाख असले, तरी म्हाताऱ्यांचे पाच लाख वेगळे. घरात कोणी माजी सैनिक असून त्यांना सैनिकांची आरोग्य योजना लागू असेल, तर दोहोंपैकी एक निवडावी लागते. अशा वेळी आपल्याला जवळचा दवाखाना आणि औषधे कोणत्या योजनेत मिळतात, ते पाहूनच ठरवा.

ज्यांनी हप्ता भरून खाजगी आरोग्य विमा घेतला आहे, त्यांनाही हा प्रसंग येतो. जवळचा दवाखाना कंपनीच्या यादीतून जातो. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. 2011 पासून एका कंपनीचा विमा दुसरीकडे नेण्याची मुभा आहे, आणि जुन्या आजारांसाठी थांबलेली वर्षे त्यात वाया जात नाहीत. मात्र नूतनीकरणाच्या तारखेआधी निदान 45 दिवस अर्ज करावा लागतो. नवी कंपनी नाहीही म्हणू शकते. म्हणून तिचा लेखी होकार हाती येईपर्यंत जुना विमा सोडू नका. विहिरीला पाणी लागल्याशिवाय कोणी ओढ्यावरची वाट मोडत नाही. अर्जात आजार लपवू नका. आज लपवलेला आजार उद्या दावा बुडवतो.

आता त्या बापलेकांचे सांगतो. त्या दिवशी बाजारातूनच त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी गोळ्या एक दिवसाआड घेतल्याबद्दल आजोबांना चांगलेच रागे भरले. काही गोळ्या तिथेच मिळाल्या, एक विकत घ्यावी लागली. फोनवरून यादीवरचा दुसरा दवाखाना कळला आणि पुढची तपासणी तिकडे झाली. गाडीभाडे आणि दोन दिवसांचा खाडा घरचाच गेला. पण जोडी अजून गोठ्यात आहे.

निघताना आजोबा म्हणाले, "हे कुनी आधी सांगितलं आसतं तर?" मंडळी, आपल्या शेजारच्या घरातही असे एखादे आजोबा असतील. अंक वाचून झाला की त्यांच्या ओसरीवर जाऊन एवढेच विचारा, "बाबा, गोळी रोज घेता ना?"