आंखणारा आणि बांधणारा

आमच्या भुईगांवीं व आसपासच्या वाड्यांत जुनीं कौलारू घरें मोडून सिमेंटचीं घरें उभीं राहत आहेत. घर नवें व्हावें याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु ज्यानें आमचा पाऊस व खारा वारा सोसला नाहीं त्यानें शहरांत बसून नकाशा काढावा, आणि शेतकऱ्यानें कर्ज काढून त्याप्रमाणें बांधावें, ही रीत आम्हांस घातक वाटते.

दुसरी रीत आपल्याच राज्यांत पूर्वीं आजमावली गेली आहे. १९३६ सालीं महात्मा गांधी वर्ध्याजवळील सेगांवीं, म्हणजे पुढील सेवाग्रामीं, राहावयास गेले. तेथील झोंपड्या माती, बांबू व लाकूड यांच्या केल्या. मीराबेनकरितां बांधलेली झोंपडीच पुढें बापू कुटी झाली. घराचें साहित्य पांच मैलांच्या आंतील असावें, हा गांधीजींचा विचार लॉरी बेकर या इंग्रज स्थापत्यकारानें मनावर घेतला, व केरळांत गवंड्यांबरोबर जागेवर उभें राहून शेंकडों घरें बांधलीं. वर्ध्यास १९७६ सालीं देवेंद्रकुमार यांनीं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापिलें. तेथें कुंभारानें घडविलेल्या निमुळत्या नळ्या एकींत एक बसवून कमानदार छत करण्याची युक्ति रुजली.

अमेरिकेंतही १९९३ सालीं ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी व डी. के. रूथ या अध्यापकांनीं अलाबामाच्या खेड्यांत 'रूरल स्टुडिओ' काढला. विद्यार्थ्यानें घर आंखावें आणि स्वतःच बांधावें, हा तेथील पाठ.

कोणी म्हणेल, मातीचीं घरें माणसें मारतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत हजारों जीव गेले, हें आम्ही विसरलों नाहीं. पण तेथें दगडी भिंतींचे दोन पदर जोडदगडांनीं सांधलेले नव्हते, आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचें ओझें होतें. उलट, निकृष्ट काँक्रीटमधील लोखंड खाऱ्या हवेनें गंजून स्लॅब फुटतो, हें किनाऱ्यावर कोण जाणत नाहीं? तेव्हां माती कीं सिमेंट हा वाद दुय्यम होय. आंखणाऱ्यानें बांधकामाशीं उभें राहिलें पाहिजे, हें मुख्य.

म्हणून आमची सूचना अशी कीं, संस्थेनें मुंबईच्या एखाद्या स्थापत्य महाविद्यालयाशीं बोलणें करून, विद्यार्थी व आपले गवंडी-सुतार यांजकडून मिळून एक लहान अवजारघर बांधवावें. पैन् पैचा हिशेब याच मासिकांत छापावा. दोन पावसाळे तें निर्धोक उभें राहिलें, तर मग घराची गोष्ट बोलावी. न राहिलें, तर नुकसान एका खोपटाचें, कोणाच्या सातबाऱ्याचें नव्हे.