जागल्याची हाक

आम्ही कोलशेतला राहायला आलो तेव्हा या रस्त्यावर रासायनिक कारखाने होते आणि पाळी बदलल्याचा भोंगा ऐकून बायका कुकर चढवत. आता त्या जमिनींवर उंच इमारती उभ्या आहेत. भोंगा गेला, आणि रात्री खाडीवरून येणारा वारा तेवढा पूर्वीचा राहिला. आमच्या शेजारी एका कारखान्यात उभी हयात काढलेले गृहस्थ राहतात. परवा गच्चीवर बसलो असताना ते सहज म्हणाले, “भोंगे दोन असायचे, साहेब. एक पाळीचा, एक धोक्याचा. धोक्याचा कुणीही वाजवावा, अगदी झाडूवाल्यानंसुद्धा. खोटा निघाला तरी त्याला कुणी बोलायचं नाही. एकदा का बोललात, की पुढच्या वेळी खरा भोंगाही वाजत नाही.”

ते घरी गेले, पण मला मात्र झोप आली नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली.

माझ्या थोरल्या वहिनींचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले होते. रुग्णालय खासगी, नाव घेत नाही. रात्री सोबतीला मी होतो. दीडच्या सुमारास एक तरुण नर्स इंजेक्शन घेऊन आली, कागद वाचला आणि थबकली. वहिनींना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, हे आम्ही दाखल करतानाच सांगितले होते. ते पहिल्या कागदावर लिहिलेलेही होते. ऑपरेशननंतर नवा कागद झाला आणि त्यावर ती ओळ उतरली नाही. लिहून दिलेले औषध नेमके त्याच कुळातले होते. तिने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारले. ते दिवसभराचे दमलेले. “लिहिलंय ते द्या,” म्हणाले. तिने दिले नाही. थेट मोठ्या डॉक्टरांना घरी फोन लावला. औषध बदलले. वहिनींना यातले काही कळलेही नाही. त्या गाढ झोपेत होत्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो, तर ती मुलगी लिफ्टपाशी आली. “काका, मी झालेला प्रकार रजिस्टरात लिहिला म्हणून वरचे लोक रागावलेत. मी बरोबर केलं, अशा दोन ओळी लिहून द्याल का?”

मी म्हणालो, “हो हो, देतो ना.” मग खाली जाऊन बिल भरले, मोठ्या डॉक्टरांना पेढ्यांचा पुडा दिला आणि घरी आलो. वहिनींना टाके काढायला परत तिथेच न्यायचे होते. कशाला वाकडेपणा घ्या, असा हिशेब मी केला. टाके काढायला गेलो तेव्हा ती दिसली नाही. “सोडून गेली,” एवढेच कुणीतरी सांगितले. कादंबऱ्यांतून सत्यासाठी उभी राहणारी माणसे रंगवणाऱ्या मला दोन ओळी लिहिता आल्या नव्हत्या.

इंग्रजीत अशा माणसाला शिट्टी वाजवणारा म्हणतात. आपल्याकडे त्याहून जुना आणि नेमका शब्द आहे : जागल्या. गाव झोपले असताना जागा राहून राखण करणारा. रात्री त्याने हाक दिली तर लोक लाठ्या घेऊन बाहेर पडत; झोपमोड केली म्हणून जागल्यालाच बडवल्याचे ऐकिवात नाही. रुग्णालयात मात्र नेमके तसे होते.

तिथली झोप किती महाग पडते, याचा धडा मुंबईने १९८६ साली घेतला. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. डोळ्यांतला किंवा मेंदूवरचा दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरॉल पाजले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी द्रव्य निघाले. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि हे प्रकरण एका बाटलीपुरते राहिले नाही. रुग्णालयातली औषधखरेदी, अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय, सगळीकडचा सैलपणा आणि वशिला चव्हाट्यावर आला. १९८८ साली आरोग्यमंत्र्यांना जावे लागले. विष एकाच बाटलीत असले, तरी ती बाटली अनेक टेबलांवरून पुढे सरकली होती आणि प्रत्येक टेबलामागे एक माणूस बसला होता.

वाईट याचे वाटते की या द्रव्याची ओळख जगाला त्याआधी अर्ध्या शतकापूर्वीच पटली होती. अमेरिकेत १९३७ साली याच विषाने शंभराहून अधिक माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा कडक कायदा आला. आपल्याकडे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. विष तेच. त्यांतल्या अनेक मुलांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणले होते. जे. जे.नंतर एकोणचाळीस वर्षांनी!

पस्तीस वर्षे मी बँकेत काढली. बँकेविषयी फार अभिमानाने बोलावे असे दिवस नाहीत, पण एक गोष्ट तिथे शिकलो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. नोंद एक जण करतो, मंजूर दुसरा करतो. जोखमीच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला वर्षातून एकदा सलग दहा दिवसांची सक्तीची रजा घ्यावी लागते. त्या दिवसांत दुसरा माणूस त्याच्या खुर्चीत बसतो आणि दडवलेले काही असेल तर ते वर येते. पहिल्यांदा मला रजेवर पाठवले तेव्हा अपमान वाटला होता. आमचे मॅनेजर म्हणाले, “अहो, संशय तुमच्यावर नाही, खुर्चीवर आहे.” शंभराच्या एका नोटेसाठी आम्ही रात्री नऊपर्यंत हिशेब जुळवत बसलो आहोत. नोटेची एवढी काळजी, आणि रक्ताच्या पिशवीची, इंजेक्शनच्या कुपीची, ऑक्सिजनच्या नळीची काळजी मात्र वाहणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर सोडायची?

नुसत्या सद्सद्विवेकाला किती किंमत मोजावी लागते, हेही पाहू. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात बाळांच्या हृदयशस्त्रक्रियांत प्रमाणाबाहेर मृत्यू होत आहेत, हे स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने १९९० पासून सांगायला सुरुवात केली. पुढे झालेल्या मोठ्या चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात तिथे एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळे इतरत्रच्या मानाने जास्त दगावली, असे त्यात निघाले. बोल्सिन खरे ठरले. पण तोवर देश सोडून ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले होते. चीनमधल्या वुहानच्या डॉ. ली वेनलियांग यांनी डिसेंबर २०१९ अखेर सहकाऱ्यांना नव्या आजाराविषयी सावध केले, तर पोलिसांनी त्यांनाच समज दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये ते त्याच आजाराने गेले.

दुसरी बाजू मला दिसत नाही असे नाही. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, “आम्ही चूक कबूल करायची आणि तुम्ही दवाखाना फोडायचा!” त्यांचे खोटे नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, तेव्हा एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिले. ते पाहिल्यावर कोणता अधिकारी आपणहून सांगेल, की आमच्याकडे अमुक औषध संपले आहे?

आणि आमच्या ठाण्याचे काय? ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेच्या कळवा रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण गेले. सिव्हिल रुग्णालय नव्या इमारतीसाठी हलवलेले, त्यामुळे सारा भार कळव्यावर आला, असे तेव्हा सांगण्यात आले. समिती नेमली गेली. मला प्रश्न पडतो तो त्या दिवसाचा नाही, आधीच्या महिन्यांचा. खाटा पुरत नाहीत, हात पुरत नाहीत, हे तिथल्या प्रत्येक नर्सला आणि वॉर्डबॉयला रोज दिसत असणार. त्यांनी ते सांगावे कुठे? साहेबांना सांगितले तर साहेबही त्याच भाराखाली दबलेले.

कायद्याचे दार ठोठवावे, तर ते अर्धवट उघडे आहे. रस्तेबांधणीतला भ्रष्टाचार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांचा २००३ मध्ये गयेत खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचा ठराव केला आणि ते काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला, पण अंमलात आणण्याची अधिसूचना काही निघाली नाही. शिवाय तो सरकारी सेवकांच्या गैरकारभारापुरता. शेअर बाजारातल्या कंपन्यांना तक्रारीची सुरक्षित वाट ठेवणे २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधनकारक केले. परंतु गल्लीतल्या वीस खाटांच्या नर्सिंग होममधल्या मुलीला या दोन्हींचा उपयोग शून्य. तिच्यासाठी निदान जिल्हा पातळीवर, रुग्णालयाबाहेरची, नाव गुप्त ठेवणारी एखादी खिडकी हवी. आणि चूक सांगणे व चूक लपवणे यांत नियमांनी फरक केला पाहिजे. चूक सांगणाऱ्याला शिक्षा नसावी. लपवणाऱ्याला मात्र ती व्हावी.

सगळेच उपाय कायद्याचे नसतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे एक शेतकरीपुत्र डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. त्यांचा मुलगा शल्यविशारद अतुल गवांदे. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक पानी यादी केली. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, अ‍ॅलर्जी आहे का, असे साधे प्रश्न. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. त्या यादीतला एक मुद्दा मला फार आवडतो : सुरी लावण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितले, तो पुढे काही चुकताना दिसले तर “थांबा” म्हणायला कचरत नाही.

आपण घरातली माणसेही काही करू शकतो. अ‍ॅलर्जी आणि चालू औषधे एका कागदावर लिहून तो उशाशी ठेवावा आणि प्रत्येक इंजेक्शनच्या आधी दाखवावा. औषधाचा दुष्परिणाम दिसला तर डॉक्टरांनीच कळवावा असे नाही. १८००-१८०-३०२४ या केंद्रीय क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो. नर्सने एखादा प्रश्न विचारला, वेळ लागला, तर “एवढं पण माहीत नाही का?” म्हणून खेकसू नये. विचारते आहे, म्हणजे जागी आहे. आणि तिने आपले माणूस वाचवले, तर पेढे जरूर द्यावेत, पण आधी दोन ओळी लिहून, तारीख घालून, सही करून व्यवस्थापनाला द्याव्यात. एक प्रत तिच्या हातात. नोकरीवर गदा आली तर तिला दाखवायला तोच एक कागद असतो.

वहिनी आज शहात्तर वर्षांच्या आहेत. या गणपतीत त्यांनी एकवीस मोदक स्वतः वळले. तो प्रसंग मी त्यांना गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊजी, काय हो नाव तिचं?”

मला सांगता आले नाही. मी ते विचारलेच नव्हते.