‘वेल्फेअर’चा तिटकारा : दोष जनतेच्या स्वभावाचा की छायाचित्रांचा? (थ्रेड)

अमेरिकन माणूस मुळातच स्वावलंबी. सरकारने गरिबांना पोसावे हे त्याला रुचतच नाही. हा सिद्धान्त इतका उगाळला गेला आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजही कुणाला वाटत नाही. राज्यशास्त्रज्ञ मार्टिन गिलेन्स यांनी तो मागितला. १९९९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘व्हाय अमेरिकन्स हेट वेल्फेअर’ हा ग्रंथ म्हणजे त्या आळशी सिद्धान्ताचे शवविच्छेदन आहे.

जनमत चाचण्या काय सांगत होत्या? शिक्षण, आरोग्यसेवा, वृद्धांचे निवृत्तिवेतन, पाळणाघरे यांवर सरकारने अधिक खर्च करावा, असे बहुसंख्यांचे मत. १९८०च्या दशकापासून ‘जनरल सोशल सर्व्हे’त एकच प्रश्न दोन प्रकारे विचारला जाऊ लागला. ‘गरिबांना साहाय्य’ म्हटले की सरकार पुरेसा खर्च करत नाही असे म्हणणारे निम्म्याहून बरेच अधिक. ‘वेल्फेअर’ म्हटले की तेच प्रमाण जेमतेम पाव! दोन्ही गटांतली माणसे सारखीच, बदलला तो केवळ शब्द. स्वावलंबनाचा बाणा असा एका शब्दाने जागा होतो आणि दुसऱ्याने झोपी जातो काय?

मग हा शब्द विटाळला कसा? १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निराधार मुलांसाठी मदत सुरू केली, तेव्हा डोळ्यांसमोर होती ती प्रामुख्याने विधवा माता. त्याच कायद्याने शेतमजूर व घरगडी-मोलकरणींना वृद्धापकाळाच्या विम्यातून वगळले. दक्षिणेत ही कामे मुख्यतः कृष्णवर्णीयच करीत. महामंदीतील दारिद्र्याचा चेहरा होता डोरोथिया लँग यांच्या १९३६च्या छायाचित्रातील ‘स्थलांतरित माते’चा. (ती बाई मूळची चेरोकी आदिवासी होती. देशाने मात्र तिला गोरी समजूनच हळहळ व्यक्त केली.)

गिलेन्स यांनी ‘टाइम’, ‘न्यूजवीक’ आणि ‘यू.एस. न्यूज’ या तीन साप्ताहिकांतील गरिबांची छायाचित्रे अक्षरशः मोजली. १९६४ साली त्यांत कृष्णवर्णीय होते २७ टक्के. १९६५ साली ४९. १९६७ साली ७२! प्रत्यक्षात गरिबांमधील त्यांचा वाटा या सर्व काळात ३० टक्क्यांच्या आसपासच राहिला. दारिद्र्य होते तिथेच होते. कॅमेरा तेवढा वळला होता.

यावर ठरलेला बचाव असा की, वॉट्सची दंगल, मॉयनिहन अहवाल, उत्तरेकडील शहरांतील असंतोष या बातम्याच होत्या. पत्रकारांनी काय डोळे मिटावेत? बचाव अर्धाच खरा आहे. १९७०च्या दशकारंभी ‘वेल्फेअरचा गोंधळ’ हा विषय गाजत असताना छायाचित्रांतील गरीब प्रामुख्याने काळे होते. १९८२-८३च्या मंदीत, सहानुभूतीचे लेख येऊ लागताच, काळ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या घरात उतरले. १९८८ ते १९९२ या काळात तथाकथित ‘अंडरक्लास’वरील लेखांत तर एकही गोरा गरीब दिसत नाही. दोष द्यायचा तेव्हा काळा चेहरा, कणव यायची तेव्हा गोरा. याला योगायोग म्हणण्यास फार मोठी श्रद्धा लागते.

छायाचित्र-संपादकांना विचारले तर ते गरिबांत कृष्णवर्णीय सुमारे ४२ टक्के असावेत म्हणत. त्यांची पाने मात्र त्याच काळात ६२ टक्के दाखवत होती. म्हणजे स्वतःच्या चुकीच्या अंदाजालाही ही मंडळी जागली नाहीत. आणि वाचक? तो निम्मे गरीब काळे आहेत असे मानून बसला. ‘काळे लोक आळशी असतात’ हा जुना, गुलामगिरीइतका जुना, आरोप त्याच्या मनात होताच. वेल्फेअरच्या विरोधामागील सर्वांत प्रबळ घटकांपैकी एक हाच समज, असे गिलेन्स यांचे विश्लेषण सांगते.

त्यामुळे १९७६च्या प्रचारात रेगन यांना शिकागोच्या एका लबाड लाभार्थी बाईची गोष्ट सांगताना तिच्या वर्णाचा उच्चारही करावा लागला नाही. श्रोत्यांनी चित्र आधीच पाहिलेले होते.

२२ ऑगस्ट १९९६ रोजी क्लिंटन यांनी जुनी योजना मोडीत काढणाऱ्या कायद्यावर सही केली. केंद्राच्या निधीतून आयुष्यात जास्तीत जास्त पाच वर्षे मदत, आणि राज्यांना मिळून सुमारे १६.५ अब्ज डॉलरचे ठोक अनुदान. महागाईनुसार वाढ नाही. हा ‘जनतेचा कौल’ असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्या वर्षी दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती. २०२० साली ती २१ कुटुंबांना मिळाली, आणि वंचित राहिलेल्यांत गोरी कुटुंबेही होती.