वीस पत्त्यांचं गणित

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन मनी गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’मध्ये रोख बक्षीस नसतं. पण म्हणून तुमचा खिसा सुरक्षित आहे असं समजू नका. दिवसाला दोन पॅक फुकट मिळतात, आणखी हवे असतील तर पैसे मोजा. आत काय आहे, ते फोडल्यावरच कळणार!

हरलं की वाटतं, आपल्याकडे भारी पत्ते नाहीत म्हणून हरलो. खरंच? जरा गणित बघा. डेक २० पत्त्यांचा, त्यात एक पत्ता जास्तीत जास्त दोनदा. सुरुवातीला हातात पाच पत्ते. एखाद्या पत्त्याच्या दोन प्रती ठेवल्या तर तो पहिल्याच हातात येण्याची शक्यता साधारण ४५ टक्के, एकच ठेवली तर २५. म्हणजे दहा भारी पत्ते एकेक करून कोंबले की डेकची खिचडी होते.

दुसरं, जिंकायला तीन गुण लागतात. साधा पोकेमॉन पडला तर समोरच्याला एक गुण, ‘ईएक्स’ पडला तर दोन. सगळी टीम ‘ईएक्स’ची असेल, तर दोन पडले की खेळ खल्लास. साध्यांची असेल, तर तिघांना पाडावं लागतं. दुर्मिळ पत्ता ताकद देतो, तशी जोखीमही वाढवतो.

तेव्हा पुढचा पॅक विकत घेण्याआधी एक करा. गेल्या दहा डावांत हातात येऊन नुसतेच पडून राहिलेले पत्ते शोधा आणि बदला. त्याला एक रुपयाही लागत नाही.